डाव्या पायाचं दुखणं

जुन्या गाडीचा क्लच बिघडला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, "प्लेट टाका," म्हणजे क्लचमधली, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती बदला. गॅरेजवाला असो, शेजारी असो, लग्नाच्या पंगतीत बाजूला बसलेला कोणाचा तरी मामा असो, गाडी बघायची नाही, पेडलवर पाय ठेवायचा नाही, प्लेट टाका. साध्या गाडीला ते चालून जातं, थोडे पैसे जास्त जातात आणि विषय संपतो. पण माझ्या मेव्हण्याकडे जी गाडी आहे तिच्यात प्लेटपर्यंत पोचायचं म्हणजे आधी सायलेन्सरचा पाइप सोडवा, प्रोपेलर शाफ्ट काढा, मग गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांबलचक फ्रेम असते ती उतरवा, त्यानंतर गिअरबॉक्स खाली घ्या, आणि हे सगळं करून आत प्लेट ठणठणीत निघाली तर तिच्याकडे बघत बसा. म्हणून माझं म्हणणं एवढंच की गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावायच्या आधी पेडलला विचारा. ते बरंच काही सांगतं.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १९९१ चं मॉडेल. इंग्लंडहून परत आलेल्या एका डॉक्टरांनी ती सामानासोबत मुंबईत आणली होती, त्यांच्या मुलांना तिच्यात रस नव्हता, मेव्हण्याला होता, आणि मेव्हण्याला रस आला की घरात कोणाचं काही चालत नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली, जपानात तिचं नाव युनोस रोडस्टर. लोटस एलानसारख्या जुन्या ब्रिटिश रोडस्टर डोळ्यांसमोर ठेवून जपान्यांनी ती बनवली, म्हणजे मजा तीच पण रस्त्यावर तेल गाळायचं नाही. दोन सीट, कापडी छप्पर, झोपलेले हेडलाइट बटण दाबल्यावर उठून बसतात, १.६ लिटरचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, वजन एक टनाच्या आत. आता अशी गाडी रत्नागिरीत कशाला, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी अनेकदा विचारलाय. तसं बघितलं तर दोन सीटर हा प्रकार आपल्या किनाऱ्याला अगदीच परका नाही, गोव्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सॅन स्टॉर्म बनायला लागलीच होती की, फायबरची बॉडी आणि रेनॉचं १.२ लिटर इंजिन. पण ते असो.

ही गाडी पडवीला लागून केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये असते, तीन बाजूंना जांभ्याची भिंत. मृगाच्या आसपास ती आत जाते आणि साधारण दसऱ्याला बाहेर येते, कारण पावसात कापडी छप्पर गळतं आणि मेव्हण्याचा जीव वरखाली होतो. आता हे चार महिने कोकणात काय असतात ते तुम्हाला सांगायला नको. चामड्याच्या चपलेला बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी होतं, कपाटातले कपडे कुबट होतात, आणि समुद्र दीड किलोमीटरवर. गाडीला चालण्याने जेवढा त्रास होत नाही तेवढा हे उभं राहणं देतं. यंदा बाहेर काढायला गेला तर पेडल सरळ जमिनीला टेकलं आणि तिथेच पडून राहिलं, चपलेच्या टोकाने उचलून वर आणावं लागत होतं. मला फोन, "भावजी, क्लच बसला." तोपर्यंत शेजारच्या दोघांनी प्लेट टाकायला सांगून झालं होतं.

मी गेलो तेव्हा सगळ्यात आधी पायाखालचं पायपुसणं काढलं. हसू नका. पावसाळ्यात चिखल नको म्हणून आपण मूळ कार्पेटवर रबरी मॅट, तिच्यावर काथ्याचं पायपुसणं असे थर चढवतो आणि पेडलची शेवटची प्रवासाची जागा त्यातच खाऊन टाकतो. क्लच खरा सुटतो तो पेडलच्या खालच्या भागात, तिथेच तुम्ही काथ्या घालून ठेवला तर गिअर कुरकुरणारच. मेव्हण्याच्या केसमध्ये दोष तिथे नव्हता, पण गिअर पडत नाही म्हणून आलेल्या गाडीचं दुखणं नुसत्या मॅटमध्ये निघालेलं मी बघितलंय.

आता आत काय चालतं ते थोडं सांगायला पाहिजे, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. पेडल एक दांडा ढकलतं, तो दांडा मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, मास्टरमधलं ब्रेक ऑइल पाइपातून खाली गिअरबॉक्सच्या अंगाला लावलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, तिथला पिस्टन दुसरा दांडा बाहेर ढकलतो, तो फोर्क हलवतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे रेटतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देतं आणि तेव्हा कुठे प्लेट सुटते. एवढी सगळी वरात, आणि शेवटी प्रेशर प्लेट मागे सरकते किती, तर दीड-दोन मिलिमीटर. ह्या गाडीत मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ५/८ इंच आणि स्लेव्हचा ३/४ इंच. हिशोब केला तर मास्टरचा पिस्टन एक मिलिमीटर सरकला की स्लेव्हचा जेमतेम ०.७ मिलिमीटर सरकतो. ताकद वाढते, प्रवास कमी होतो. म्हणजे मधे कुठेही थोडी चोरी झाली, हवेचा एक बुडबुडा, फुगणारा रबरी होज, पेडलच्या पिनचं लंबगोल झालेलं भोक, की शेवटच्या त्या दीड मिलिमीटरमधून ती वजा होते आणि गिअर पडायचा बंद होतो. पेडलच्या टोकाला मात्र तुम्हाला फक्त "जरा मऊ लागतंय" एवढंच जाणवतं.

म्हणून पाय. इंजिन बंद ठेवून पेडल आधी भराभर पाच-सहा वेळा दाबायचं. दाबता दाबता ते वर यायला आणि कडक व्हायला लागलं तर सिस्टीममध्ये हवा आहे किंवा कुठूनतरी ऑइल गळतंय. मग उलटं करायचं, एकदम हळू दाबायचं, जसं सिग्नलला उभं असताना पाय आपोआप जड होत जातो तसं. जोरात दाबल्यावर कडक आणि हळू दाबल्यावर पायाखालून निसटतंय असं वाटलं, आणि बॉनेटखालच्या क्लचच्या डबीतली ऑइलची लेव्हल महिनोन्महिने तेवढीच आहे, तर मास्टरच्या आतलं रबर गेलं. ऑइल बाहेर येत नाही, पिस्टनच्या बाजूने मागे सरकतं, म्हणून कुठे थेंब दिसत नाही आणि लोक फसतात. अशा गाडीत तुम्ही पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबलात की काही सेकंदांनी गाडी स्वतःच पुढे रांगायला लागते. घाटात पुढे ट्रक उभा असताना हे होतं तेव्हा घाम फुटतो, आंबा घाटात फुटलेला बघितलाय.

तिसरी परीक्षा रिव्हर्सची. इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबायचा, मनात चार-पाच आकडे मोजायचे आणि सावकाश रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (दात जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी) नसतो त्यामुळे तो खोटं बोलू शकत नाही, क्लच पूर्ण सुटला नसेल तर खर्रर करून ओरडतो. आणि इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात पण चालू केलं की एकही पडत नाही, तर गिअरबॉक्स बिचारा निर्दोष आहे, त्याला हात लावू नका.

मेव्हण्याच्या पेडलने पहिल्याच परीक्षेत कबुली दिली. भराभर दाबलं की अर्ध्यापर्यंत वर यायचं, सोडलं की परत खाली. मग बघायचं काम. बॉनेट उघडून क्लचची छोटी डबी बघितली तर तळाला काळा चहा. ब्रेक ऑइल नवीन असताना मधाच्या रंगाचं असतं, काळं झालं म्हणजे आतलं रबर झिजून त्यात उतरतंय. मग मी ड्रायव्हरच्या बाजूला उताणा होऊन डोकं पेडलांच्या खाली घातलं, ही जगातली सगळ्यात अपमानास्पद पोझिशन आहे, पाय बाहेर अंगणात, सासूबाई वरून विचारतायत चहा आत्ता देऊ का नंतर. टॉर्चच्या उजेडात मास्टरचा दांडा जिथे पत्र्यातून आत येतो ती जागा चाचपली. कोरडी. तिथे गळत असतं तर पत्र्याचा रंग फुगून सुटलेला दिसला असता, ब्रेक ऑइल रंगाला सोडत नाही. कार्पेटही कोरडं. म्हणजे वरचा मास्टर बाहेरून तरी निर्दोष सुटला.

खालचं बघायला गाडी जॅकवर घेतली, खाली जांभ्याचे दोन चिरे लावले (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, कृपा करा). स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला दोन बोल्टवर असतं, त्याच्या तोंडावर रबरी टोपी. टोपीची कड नखाने मागे ओढली आणि मनगटावरून कोपरापर्यंत काळं ओघळलं. त्यात बारीक तांबूस चिखल, दोन बोटांत चोळला तर कचकच लागत होता. तो चिखल म्हणजे सिलिंडरची भिंत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे, डॉट ३ नावाचं नेहमीचं ब्रेक ऑइल नवीन असताना २०५ अंशाला उकळतं आणि ३.७ टक्के पाणी पिलं की १४० ला, असं त्याच्या मानकातच धरलेलं आहे. पण क्लचला उकळण्याची एवढी भीती नसते, भीती असते ती हे पाणी सगळ्यात खाली म्हणजे स्लेव्हमध्ये जाऊन बसतं त्याची. चार महिने पिस्टन एकाच जागी, खाली पाणी, धातूला खड्डे पडतात, आणि दसऱ्याला तुम्ही पेडल दाबता तेव्हा रबराची कड त्या खड्ड्यांवरून घासत जाते. ह्यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नाही, तीस वर्षांपूर्वीचं रबर आहे ते.

एका गोष्टीसाठी मात्र त्या काळच्या इंजिनिअरांना हात जोडावेसे वाटतात, स्लेव्ह बाहेर ठेवलंय. आजकाल बऱ्याच गाड्यांत ते रिलीज बेअरिंगसकट बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या, आत असतं, दिसायला सुटसुटीत, पण गळायला लागलं की वाटीभर ऑइलसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. तीच गोष्ट ऑइलऐवजी केबलवर चालणाऱ्या क्लचची. मारुती ८०० ची क्लच केबल आमच्याकडे खाऱ्या हवेने एकेक तार करत तुटायची, पेडल आधी जड व्हायचं, मग करकरायचं, मग एक दिवस पाय थेट जमिनीवर, पण बदलायला अर्धा तास आणि केबल कुठल्याही बाजारात.

पुढचं काम मिरकरवाड्यातल्या चाचांचं. चाचा मुळात मच्छीमार बोटींची इंजिनं करतात, गाड्या आवडीने. त्यांनी मेव्हण्याचं सगळं ऐकून घेतलं, प्लेट, शेजारी, इंटरनेट, सगळं, आणि एकच विचारलं, "दांडा किती बाहेर येतो ता बगला?"

नव्हता बघितला कोणीच. आणि खरं तर सगळ्या निदानाची किल्ली तिथेच आहे. स्लेव्हचा दांडा म्हणजे सीमा. त्याच्या अलीकडे पेडल, मास्टर, पाइप, ऑइल. पलीकडे फोर्क, बेअरिंग, प्लेट. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली पट्टी धरायची. दांडा पूर्ण येत नसेल तर दुखणं अलीकडे, गिअरबॉक्सकडे बघायचंही नाही. दांडा पूर्ण येतोय आणि तरी गिअर पडत नाही तर दुखणं पलीकडे, मग कितीही नवे मास्टर टाका, पैसे पाण्यात. मेव्हण्याने दाबलं, चाचांनी पट्टी धरली, दांडा चार मिलिमीटर आला आणि हळूहळू परत गेला. "प्लेट टाकूचा सांगणारा कोण ता?" चाचांनी विचारलं, मेव्हण्याने कुंपणाकडे बघितलं.

३/४ इंचाचं रबर गावात मिळालं, हे माप आपल्याकडच्या गाड्यांतही चालतं. बारीक पॉलिश पेपरने सिलिंडर आतून साफ केलं, खड्डे पूर्ण गेले नाहीत, जाणारही नव्हते, पण नवीन सिलिंडर बाहेरून मागवेपर्यंत चालेल असं ठरलं. डबी आणि पाइपातलं जुनं ऑइल काढून टाकलं. बंद डबा नवीन आणला, कारण फळीवरचा अर्धा वापरलेला डबा कोकणात ब्रेक ऑइल नसतोच, पाणी घातलेलं काहीतरी असतो. आणि हो, त्या डबीत चुकूनही स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल ओतू देऊ नका. हायवेवरच्या एका गॅरेजने माझ्या मित्राच्या जीपला हा प्रसाद दिला होता, खनिज तेलाने सगळी रबरं फुगून पेडल दगड झालं, वरपासून खालपर्यंत सगळं बदलावं लागलं.

मग एअर काढणं. मेव्हणा पेडलवर, चाचा खाली स्लेव्हच्या हवा सोडायच्या निपलवर, मी डबीवर, लेव्हल संपू द्यायची नाही एवढंच माझं काम. "दाब." "दाबलं." "धर." खाली निपल उघडायचा, पारदर्शक नळीतून फुसफुस, बुडबुडे, काळं, मग तपकिरी. "सोड." निपल बंद झाल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत. मेव्हणा घाईत दोनदा आधी सोडायचा आणि खालून शिव्या यायच्या. शेवटचा बुडबुडा काही निघेना तेव्हा चाचांनी स्लेव्ह बोल्टवरून सोडवलं, निपल वर येईल असं तिरकं धरलं आणि दांडा हाताने हळूहळू आत दाबला, वर डबीत माझ्यासमोर गुडगुड करून बुडबुडे आले. त्यानंतरचं पेडल वेगळंच होतं. वरचे दोन-तीन मिलिमीटर मोकळे आणि मग लगेच पायाला धरणारं. तो मोकळा प्रवासही मुद्दाम ठेवावा लागतो. तो शून्य केला की मास्टरमधलं छोटं भोक झाकलेलं राहतं, गरम होऊन फुगलेलं ऑइल परत जायला वाट मिळत नाही आणि क्लच आपोआप थोडा दाबलेला राहून घसरायला लागतो. मग तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं, गाडी तशीच.

दांडा आता बारा मिलिमीटरच्या वर येत होता. मेव्हण्याने स्टार्टर मारला, क्लच दाबला, पहिला टाकला. खर्रर. गिअरच पडेना.

शेजारी कुंपणापाशी आलेच होते, त्यांचा चेहरा उजळला. पण आता निदान सोपं होतं कारण सीमेच्या अलीकडचं सगळं बरोबर होतं. इंजिन बंद करून पहिला टाकला, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारला तर गाडीने ब्रेकसकट उडी मारली. पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं इंजिनकडचं टोक ज्यात फिरतं ते) जाम असतं तर गिअर कुरकुरत का होईना पडला असता आणि गाडी ब्रेकवर धरता आली असती, ही तर घट्टच होती, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला, इंजिनच्या टोकावरच्या जड चाकाला, गंजून चिकटलेली. ट्रॅक्टरवाल्यांना हे बरोबर माहीत असतं, पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करताना ते लाकडाचा ठोकळा लावून क्लच दाबून ठेवतात. खाऱ्या हवेत चार महिने दोन लोखंडी चकत्यांमध्ये प्लेट दाबून ठेवली की असंच होणार. एका आजाराने दुसरा झाकून ठेवला होता, स्लेव्ह गळत होतं म्हणून प्लेट चिकटलीय हे कळायला मार्गच नव्हता.

यावर जो उपाय आहे तो गर्दीत करायचा नाही. रविवारी एमआयडीसीतला रिकामा रस्ता, इंजिन आधी चांगलं गरम केलेलं, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून थेट स्टार्टरने गाडी निघाली, क्लच तळापर्यंत दाबलेला तसाच, आणि अॅक्सिलरेटर द्यायचा-सोडायचा, द्यायचा-सोडायचा. गाडी हिसके देते, गिअरबॉक्सची दया येते. मी बाजूच्या सीटवर, छप्पर खाली, डोक्यावर ऊन. एका हिसक्याला खाटकन आवाज झाला आणि इंजिन एकदम मोकळं सुटून ओरडलं. सुटली. पहिले काही दिवस गाडी उचलताना थरथरायची, गंज घासला गेला तशी कमी झाली. नसती सुटली तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागला असता, शेजाऱ्यांचा सल्ला खरा ठरला असता आणि मेव्हण्याने ते आयुष्यभर ऐकलं असतं.

आवाजांचं एक राहिलं. क्लच दाबल्यावर जो घरघर आवाज सुरू होतो तो रिलीज बेअरिंगचा. दाबल्यावर जो थांबतो तो गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. पायाजवळच चिवचिव होत असेल तर ते नुसतं पेडलचं प्लॅस्टिक बुश, ग्रीस लावा आणि विसरा. मेव्हण्याच्या गाडीत दाबल्यावर बारीक घरघर आहे, म्हणजे बेअरिंग कधीतरी जाणार. त्याला कारण त्याचा डावा पाय, चालवताना तो पेडलवरच ठेवलेला असतो. जयगडहून तवसाळला जाताना फेरीबोटीच्या उतारावर तर बघवत नाही, हँडब्रेक ओढायचं सोडून नुसत्या हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो, आधीच एसटी आणि टेम्पोवाले घाई करत असतात, आणि मला शेजारी बसून त्या बेअरिंगचे दिवस मोजता येतात. सांगून बघितलं, "भावजी, स्पोर्ट्स कार आहे" एवढंच उत्तर.

सध्या आमचं भांडण वेगळ्या गोष्टीवरून चालू आहे. नवीन स्लेव्ह आलं, बसवलं, मस्त धरतं. माझं म्हणणं मास्टरही त्याच्यासोबतच बदल, दोघांची रबरं एकाच वयाची, खालचं नवं रबर घट्ट झालं की वरच्या जुन्यावर भार येतो, सहा महिन्यांत तो गळणार. त्याचं म्हणणं जे कोरडं आहे त्याला कशाला हात लावायचा. पुढच्या मृगाला ठोकळा लावायचा का यावरही एकमत नाही, मला वाटतं हायड्रॉलिक गाडीला चार महिने दाब धरून ठेवणं रबरांना बरं नाही, त्यापेक्षा आठवड्याला एकदा इंजिन गरम करून शेडमध्येच गाडी वीतभर मागेपुढे करावी. चाचांना विचारलं तर ते म्हणाले पावसात गाडी विकून टाका आणि दसऱ्याला परत घ्या. मास्टरची मी मेव्हण्याला न सांगता ऑर्डर देऊन ठेवलीय, शिमग्याला गेलो की आधी कार्पेट उचलून बघणार.